बरणीतले अकरा काजवे

पत्र

स. न. वि. वि. आम्ही डोंबिवलीत राहतो. गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतले आम्ही ३८ जण दोन मिनीबस करून भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो होतो. शेंडी गावाच्या पुढे गाड्यांची रांग लागली आणि आम्ही अडीच तास बसमध्येच अडकून पडलो. जे काही काजवे दिसले ते समोरच्या गाडीचे दिवे मिनिटभर विझले तेव्हा. परतताना माझ्या पुतण्याने प्लॅस्टिकच्या बरणीत अकरा काजवे भरून आणले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे मेलेले होते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने विचारले, “आई, आपण मारले का त्यांना?” मी, “नाही गं, त्यांचे आयुष्यच तेवढे असते,” असे सांगून विषय बदलला. तेव्हापासून काजव्यांचे नाव काढले की ती गप्प होते आणि यंदा येणार नाही म्हणते. महिला मंडळाची सचिव म्हणून या वर्षीची सहल ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आरक्षण मार्चमध्ये करायचे आहे. माझे यजमान म्हणतात, आपण ३८ जण गेलो नाही तर दुसरे ३८ जण जातील, मग काजव्यांना काय फरक पडणार? मला त्यांचे म्हणणे खोडता येत नाही आणि पटतही नाही. माझे माहेर मुरबाड तालुक्यात आहे. लहानपणी आमच्या अंगणातच काजवे यायचे. आता दादा म्हणतो, कुठे तरी एखादा दिसतो. निसर्गात जाणेच आता चुकीचे झाले आहे का? मुलीला मी काय सांगू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

सहलीचे काय करायचे हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, म्हणून तो थोडा बाजूला ठेवून आधी आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. आपण तिला दिलेले उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे उत्तर मुलांना लगेच ओळखू येते. ती गप्प होते ती बहुधा त्यामुळेच. पूर्ण वाढ झालेला, उडणारा काजवा फार दिवस जगत नाही हे बरोबर, पण त्याला साधारण दोन-तीन आठवडे तरी मिळतात आणि तेवढ्या दिवसांत त्याला जोडीदार शोधायचा असतो, मादीला ओलसर मातीत अंडी घालायची असतात. या कामापुढे त्याला खाण्यापिण्याचीही फिकीर नसते. बऱ्याच जातींचे प्रौढ काजवे जवळजवळ काहीच खात नाहीत. असा जीव बरणीत कोंडला, चार-पाच तास बसच्या उकाड्यात हिंदकळत आणला आणि मग डोंबिवलीच्या घरात ठेवला, तर तो जगला असता तरच नवल.

तेव्हा तिला सांगावे की हो, ते अकरा काजवे आपल्या हातून मेले. तिच्या चुलतभावाला ठाऊक नव्हते आणि आईनेही बरणी पाहून ती तिथेच उघडायला लावली नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे पेलते. आईचेही चुकते आणि आई ते कबूल करते, हे कळल्यावर तिच्या मनावरचा भार उलट हलकाच होईल. पुतण्याला मात्र घरातला गुन्हेगार करू नये. मी स्वतः विशीत असताना रतनवाडीच्या वाटेवर एका सादड्याची फांदी गदागदा हलवली होती, का तर काजवे एकदम उडावेत आणि बरोबरच्या मित्रांनी वाहवा करावी. काजवे उडाले, वाहवाही झाली, आणि ते झाड पुढे बराच वेळ काळेठिक्कर राहिले. आमच्या वाटाड्याने त्या वेळी एक अक्षर उच्चारले नाही. तो नुसता पुढे चालू लागला. आजही ती गोष्ट आठवली की माझ्याच डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

मुलीला आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि माझ्या पुढच्या सगळ्या सल्ल्याचे मूळ तिच्यातच आहे. आपण ज्याला काजवा म्हणतो तो काजव्याच्या आयुष्याचा शेवटचा पंधरवडा असतो. काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक आहे आणि जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. मादी पावसाच्या तोंडाशी ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली अंडी घालते. त्यांतून बाहेर पडणारी अळी चपटी, खवल्याखवल्यांची आणि दिसायला मुळीच मोहक नसलेली असते. मात्र तिच्या शेपटाकडेही मंद उजेड असतो. ती महिनोन्‌महिने जमिनीवर आणि जमिनीत राहते, रात्री बाहेर पडते आणि गोगलगायी, शेंबड्या गोगलगायी, गांडुळे यांची शिकार करते. आपल्याहून मोठ्या गोगलगायीलाही ती चावा घेऊन बधिर करते, तिचे मांस पातळ करते आणि मग शोषून घेते. काव्यात शोभणाऱ्या या जिवाचे बालपण असे हिंस्र असते हे मुलांना सांगून पाहावे. त्यांना ते फार आवडते. पुढे ही अळी मातीतच कोष करते आणि रोहिणीचे वळीव पडून जमीन भिजली की पंख फुटून वर येते. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस काजवा आपल्या पायाखाली असतो आणि आपण त्याला झाडावर शोधत असतो.

झाडावरचा तो उजेडही समजून घ्यावा. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की पिवळसर हिरवा प्रकाश पडतो, आणि त्यात उष्णता अशी जवळजवळ नसतेच. नर उडत उडत ठरावीक लयीत लुकलुकतो. गवतावर किंवा झुडपाच्या खालच्या पानांवर बसलेली मादी त्याला तितक्याच मोजक्या लुकलुकीने जबाब देते. सह्याद्रीत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारोंनी जमलेले काजवे एका तालात उजळतात आणि विझतात, ते पाहताना आपल्याला दिवाळी आठवते; त्यांच्या दृष्टीने मात्र ती अतिशय नाजूक बोलाचाली असते. तिच्यावर गाडीच्या दिव्याचा झोत पडला की ती बोलाचाली बंद पडते. आपण अडीच तास ज्या रांगेत उभ्या होतात, त्या रांगेतल्या प्रत्येक गाडीने रस्त्याकडेच्या झाडांवर हेच केले. मोबाइलच्या विजेरीने तेच होते, आणि झाडाखालच्या गवतात शिरून छायाचित्र घेणारा माणूस तर पायाखाली बसलेली मादीच तुडवतो.

आता यजमानांचे म्हणणे. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. काजवे का घटत आहेत याविषयी जगभरातल्या अभ्यासकांची मते एकत्र करून २०२० साली एक आढावा प्रसिद्ध झाला. अधिवास नष्ट होणे, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशके ही प्रमुख कारणे त्यात पुढे आली. म्हणजे सहलीला जाणारा माणूस हा काजव्यांचा सर्वांत मोठा वैरी नव्हे. ज्या टेकडीवर बंगल्यांचे भूखंड पडले, जिथे रात्रभर प्रखर दिवे जळू लागले, तिथले काजवे कोणी पाहायला न जाताच गेले. शिवाय गर्दीला मर्यादा घालणे हे शेवटी प्रशासनाचे काम आहे. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एका तालात चमकणाऱ्या काजव्यांच्या मोसमात ठरावीकच गाड्यांना प्रवेश मिळतो आणि तो सोडत काढून दिला जातो. तशी व्यवस्था असेल तर एक कुटुंब गेले नाही म्हणून दुसरे जास्तीचे जात नाही, आणि यजमानांच्या प्रश्नातली हवाच निघून जाते.

तथापि त्यांच्या हिशेबात एक चूक आहे. ‘३८ गेले नाहीत तर ३८ जातील’ यात दोन्हीकडची माणसे सारखीच वागतील असे गृहीत धरलेले आहे. काजव्यांना माणसांची संख्या कळत नाही. त्यांना दिवे कळतात आणि पावले कळतात. दिवे मालवून एका जागी दोन तास बसलेली दहा माणसे आणि दर वळणावर गाडी थांबवून उतरणारी दहा माणसे यांत त्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरे असे की, जाऊच नये हाही काही मोठा पुण्याचा मार्ग नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत. शेती बहुतांशी पावसावरची. लावणीपूर्वीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत जेवणाचे, राहण्याचे, वाट दाखवण्याचे जे पैसे येतात ते बियाण्याला आणि शाळेच्या वह्यांना उपयोगी पडतात. जंगल उभे ठेवण्यातून काही मिळते हे ज्याला दिसते तोच ते उभे ठेवतो. मला खटकते ते एवढेच की वर्षभराचे पाहुणे आपण दोन शनिवार-रविवारांत त्यांच्या अंगावर ओततो आणि नोव्हेंबरात, भात कापणीला आलेले असताना, तिकडे फिरकतही नाही.

म्हणून सोसायटीच्या सहलीविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की ती रद्द करण्याच्या भानगडीत आपण पडू नये, पण ती आहे तशी ठरवण्याचे कामही स्वीकारू नये. बैठकीत उपदेश केला तर आपण एकट्या पडाल आणि सहल जशीच्या तशी निघेल. त्याऐवजी सचिव या नात्याने सरळ म्हणावे, “मागच्या वर्षी आपण अडीच तास रांगेत घालवले. या वेळी मी ठरवणार असेन तर या अटींवर ठरवीन,” आणि अटी सांगाव्यात. सहल सोमवार ते गुरुवार यांतल्या दिवशी निघेल आणि शक्यतो अमावास्येच्या आगेमागे, कारण चांदण्यात काजवे फिके पडतात. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचायचे, आणि अंधार पडल्यावर बस जागेवरून हलणार नाही. शेंडी, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा जलाशयाभोवतीचा फेरा रात्री गाडीने मारण्याची जी पद्धत पडली आहे, तीच सगळ्या अनर्थाचे मूळ आहे. तिला साफ नकार द्यावा. मुक्काम गावातल्या घरी असावा आणि रात्री गावचाच माणूस बरोबर घेऊन, आडवाटेने नव्हे तर रोजच्या पायवाटेने, जमेल तितकेच चालावे. अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडीत गावकऱ्यांनी मिळून पाहुण्यांची अशी व्यवस्था बसवलेली आहे. तिकडेही विचारून पाहावे. या अटी ऐकून ३८ पैकी वीस जण गळतील. गळू द्यावेत. ज्यांना रात्री ध्वनिक्षेपक लावून नाचायचे आहे त्यांच्यासाठी डोंबिवलीच्या आसपास सभागृहांची वाण नाही.

भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हेही मंडळींच्या कानावर घालावे. हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीवाचून कोणताही वन्यजीव बाहेर नेता येत नाही, आणि काजवा चिमुकला आहे म्हणून त्याला यातून वगळलेले नाही. बरणीचा विषय एवढ्यावर मिटावा. वनखात्याच्या नाक्यावर त्या वर्षीच्या वेळा आणि नियम सांगतात, ते निघण्याआधीच विचारून घ्यावेत. नाक्यावर जाऊन हुज्जत घालणारी सहल मी फार पाहिली आहे.

इथवर मी आपल्या सचिवपदाला उत्तर दिले. आपल्याला म्हणून विचाराल, तर यंदा आपण, यजमान आणि मुलगी तिघांनी भंडारदऱ्याला जाऊच नये. माहेरी जावे.

आपल्या पत्रात माहेरचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला आहे, पण मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. मुरबाडचा मुलूख सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट, माळशेज यांच्या पायथ्याचा आहे. रोहिणी आणि मृग यांच्यामधले काजवे तिथे काही नवलाईची गोष्ट नव्हती, पाऊस जवळ आल्याची ती खूण असे. ते आपल्या अंगणात येत होते याचा अर्थ असा की अंगणाच्या जवळपास कुठेतरी, बांधावर, बांबूच्या बेटाखाली, ओढ्याकाठी, त्यांच्या अळ्यांना वर्षभर ओल, पाचोळा आणि गोगलगायी मिळत होत्या. आणि दादा म्हणतात त्याप्रमाणे अजून एखादा दिसतो, याचा अर्थ ती जागा पुरती मेलेली नाही. भंडारदऱ्याला आपण पाहुण्या आहात. तिथल्या दिव्यांवर, वणव्यांवर, गाड्यांवर आपले काही चालत नाही. माहेरच्या अंगणातला दिवा मात्र आपण दादांना सांगून मालवू शकता. जिथे आपला शब्द चालतो तिथले काजवे पाहावेत, असे माझे बऱ्याच वर्षांचे मत झाले आहे, आणि ते मी पत्र लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ऐकवतो.

दादांशी बोलताना काही गोष्टी जपून बोलाव्या लागतील, कारण शहरात राहणाऱ्या बहिणीने येऊन शेतीचे शहाणपण शिकवले तर कोणत्याही भावाला ते रुचणार नाही. दिव्यापासून सुरुवात करावी, कारण त्यात त्यांचे नुकसान नाही, विजेचे बिलच वाचते. अंगणातला पांढरा प्रखर दिवा २५ मेपासून जूनच्या मध्यापर्यंत रात्री साडेसातला बंद करावा. गोठ्याकडे जायला उजेड लागतोच, तेवढ्यापुरता दिवा खाली तोंड केलेल्या पत्र्याच्या टोपणात बसवावा, म्हणजे तो पायापुरता उजेड देईल आणि झाडांवर फाकणार नाही. पिवळा दिवा पांढऱ्यापेक्षा बरा, पण काजव्याचा स्वतःचा उजेडही पिवळ्याकडेच झुकणारा असल्याने अंधारासारखे दुसरे काही नाही. शेजारी कुणा शहरवाल्याचे फार्महाउस असेल आणि त्याच्या कुंपणावर रात्रभर दिव्यांची माळ जळत असेल, तर दादांनी एकदा जाऊन सांगून पाहावे. पुष्कळदा त्या मालकाला ते दिवे कशासाठी चालू आहेत हे स्वतःलाच आठवत नसते.

बांधाचा विषय जरा अवघड आहे. पूर्वी बांधावरचे गवत विळ्याने कापून गुरांना घालत. आता माणसे मिळत नाहीत आणि तणनाशकाचा पंप मारला की काम अर्ध्या दिवसात उरकते. दादांना सगळे बांध मोकळे सोडा असे सांगणे व्यवहाराला धरून नाही. ओढ्याकडचा एकच बांध आणि बांबूच्या बेटाखालची जमीन, एवढी पट्टी फवारणीतून वगळावी असे सुचवावे. भाजीपाल्यात गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकत असतील तर त्याही त्या पट्टीत टाकू नयेत, कारण काजव्याच्या अळीचे ताट तेच आहे. इथे एक मोह मात्र टाळावा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब खाऊन शेतकऱ्यांना दुबार पेरणी करायला लावली होती. ‘काजवे राखले असते तर असे झाले नसते’ असे काही निसर्गप्रेमी उत्साहाने सांगतात. तसे म्हणू नये. काजव्यांच्या अळ्या छोट्या गोगलगायींना आवर घालतात हे खरे, पण टोळधाडीसारख्या आलेल्या मोठ्या गोगलगायींपुढे त्यांचा पाड लागणार नाही, आणि खोटे आश्वासन देऊन राखलेला बांध पहिल्याच नुकसानीत नांगरला जातो.

राहिला विस्तवाचा प्रश्न. मुरबाडला भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पाचोळा, शेण, टहाळ पसरून तेवढीच वाफ्याची जमीन जाळतात. ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, थोड्या जागेत होते आणि शेतकरी तिच्याशेजारी उभा असतो. तिच्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. पण राबाची आग पाहता पाहता बांधावर चढते, किंवा गवत चांगले येईल म्हणून कोणी मुद्दाम डोंगरउतार पेटवतो, तेव्हा मार्च ते मे या काळात पाचोळ्याखाली आणि मातीच्या वरच्या थरात असलेल्या अळ्या आणि कोष भाजून निघतात. जूनमध्ये त्या उतारावर काजवे का नाहीत याचे उत्तर होळीनंतरच्या त्या दुपारी लिहिले गेलेले असते. राब करताना त्या एका पट्टीच्या कडेने चार हात जमीन झाडून मोकळी ठेवावी आणि झाडलेला पाचोळा जाळण्याऐवजी बांबूच्या बुंध्याशी लोटावा, एवढे दादांनी केले तरी खूप झाले.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, एखादा वळीव पडून गेला की, तिघांनी माहेरी जाऊन त्या बांधाशी बसावे. जाड सतरंजी घ्यावी. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत, कारण पाचोळ्यात फुरसे आणि मण्यार यांचाही संसार असतो, आणि अंधारात अनवाणी चालण्याचे धाडस तिथे जन्मलेल्या माणसानेही करू नये. डासांसाठी अंगाला मलम लावायचे असेल तर घरातच लावावे. बांधावर बसून फवारा मारू नये. विजेरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधावेत; लाल उजेड काजव्यांना त्यामानाने कमी जाणवतो आणि आपल्या डोळ्यांनाही अंधाराची सवय टिकून राहते. मोबाइल खिशात राहू द्यावा. काजव्यांची जी देखणी छायाचित्रे आपण पाहतो ती कॅमेरा तिपाईवर ठेवून, झडप बराच वेळ उघडी राखून आणि अनेक चौकटी एकावर एक जोडून तयार केलेली असतात. मोबाइलच्या फ्लॅशने फोटोत येतो तो फक्त समोरचा काळोख आणि बिचकलेले गवत. साडेसातला बसले तर पहिली वीस मिनिटे काहीच दिसणार नाही आणि यजमान घड्याळ पाहतील. आठ ते दहा हा काजव्यांच्या भराचा काळ असतो.

आपली मुलगी यायला तयार होईल का? तिला ‘काजवे पाहायला चल’ असे म्हणू नये. ते शब्द बरणीशी जोडले गेले आहेत. तिला एक काम द्यावे. एक वही घ्यावी आणि त्या बांधाशी एकच जागा ठरवावी, समजा विहिरीजवळचा दगड. त्या दगडावर बसून समोर पाहत एक मिनिट मोजायचे आणि त्या मिनिटात किती ठिकाणी उजेड लुकलुकला ते लिहायचे. तारीख, वेळ, पाऊस पडून गेला होता की नाही, चंद्र होता की नाही, अंगणातला दिवा चालू होता की बंद, हेही लिहायचे. दिवा चालू असताना एकदा आणि तो मालवून अर्ध्या तासाने पुन्हा असे दोनदा मोजले, तर उजेडाने काय होते हे तिला कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. मोजलेला आकडा चार निघेल की चाळीस, याची आपण काळजी करू नये, आणि तो वाढावा म्हणून तिला दुसरीकडे तर मुळीच नेऊ नये. पहिल्या वर्षाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. त्याच दगडावरून चौथ्या-पाचव्या वर्षी घेतलेल्या आकड्याला असतो. आपण नसाल त्या दिवसांत आजी किंवा दादांची मुले मोजू शकतील, आणि दादांनाही त्या पट्टीत रस उत्पन्न होईल तो बहुधा या वहीमुळेच.

‘निसर्गात जाणेच आता चुकीचे झाले आहे का’ असे आपण विचारले आहे. अंगणात काजवे येत होते हे ज्यांना आठवते, अशा माणसांपैकी आपण एक आहात, आणि ती आठवण आपल्याला कोणी सहल काढून दिलेली नव्हती. आपण तिथे होतात, दिवा नव्हता, आणि ते आले. मुलीसाठी तेवढेच जमवायचे आहे. ते जमवायला यंदा हे उत्तर मिळाल्यापासून आपल्या हातात जेमतेम काही आठवडे आहेत. सहलीचे आरक्षण मार्चमध्ये आहे, ते होईल तेव्हा होईल. पण दादांना फोन होळीच्या आधी करावा, कारण राबाचा पाचोळा गोळा करायला ते त्याच सुमारास सुरुवात करतील आणि बांबूच्या बेटाखालची जागा एकदा झाडून निघाली की या जूनला उपयोग नाही.